वाटो

उभादांड्याला रापण लागली
की दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो.
शाळा बुडवून आलेल्या पोराला दोन बांगडे,
पाहुण्यालाही, उगाच ओढू लागला तर.
हा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नाही
आणि कुणी बुडवलेलाही नाही.

म्हणून दिगूने त्या रात्री विचारलं तेव्हा
मला उत्तर सुचलं नाही.
"अकरा वर्सां जागलंय. माझो वाटो खंय?"

त्या दिवशी त्याचा नऊ नंबर विकला गेला होता.
जानेवारी. बंदरावर सुरमईला भाव चढलेला,
आणि ज्या गावाचं नाव आम्हा दोघांनाही
अजून नीट म्हणता येत नाही, तिथे
एक पोरगा आकाशी सदरा उतरवून काळा घालत होता
आणि हसत होता.
लिलाव दिगूला नवा नाही.
रोज टोपलीशी उभा असतो, बोट वर करून आकडा वाढवतो.
"पण मासळी हसना नाय," म्हणाला.
बिडी त्याने आठ वेळा सोडली.
हे एकदाच.

खेळ मुळात त्याचा. मी मागून आले.
इनासच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला टीव्ही चालायचा,
चौघे-पाचजण गोणपाटावर.
दीड-दोनला दिगू घरी यायचा,
अंगाला ओल्या भुशाचा वास,
आणि मी पेज गरम करीपर्यंत
चुलीपुढे आगपेटी रिकामी करून काड्या मांडायचा.
ह्यो हय होतो. ह्यो धावलो.
आणि ह्यो बघ, तीन नंबर, बावळट, मागेच रवलो.
तीन नंबर म्हणजे अर्धी जळलेली काडी.
मी तिला आगपेटीत परत ठेवायची,
बाकीच्या विस्तवाला लागायच्या.

पुढे टीव्ही घरात आला, मग फोन.
काडीला तोंड आलं, कान आले.
सगळ्या संघात एकटाच सदरा खोचून खेळायचा.
नऊ वर्षांत एक गोल,
तोही आपल्याच जाळीत.
दुसरं कुणी हात लावायच्या आत
स्वतः चेंडू काढून मधल्या रेघेपर्यंत घेऊन गेला,
काखेत,
जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर नेतात तसा.

इनास म्हणतो, आता पैशांचो खेळ झालो.
कारखाना विकून तो मडगावला लेकीकडे गेला.
तिथे भिंतीएवढा पडदा आहे, सगळे सामने दिसतात,
आणि अर्ध्यातच त्याला झोप लागते.
शिव्या द्यायला शेजारी कुणी नाही ना.
मला कारण कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी काय सांगणार होते?

शनिवारी बाजारातून आल्यावर
ओला अंगठा फोन ओळखत नाही,
दोनदा पदराला पुसते.
तीन नंबर हल्ली बाकावर असतो.
पाऊण खेळ झाला की उठतो,
गुडघे चोळतो, सदरा खोचतो.
कॅमेरा तिकडे जातो तो चुकून.
कधी त्याला उतरवतात, कधी तो पुन्हा बसतो.
माझेही गुडघे हल्ली पायरीला बोलतात,
पण ते राहू दे.

आमच्याकडे बुधाजी तांडेल येतो अजून रापणीवर.
डोळ्यांना दिसत नाही, हातात जोर नाही,
दोरावर नुसता तळवा टेकवून उभा राहतो.
त्याने जाळं तसूभर हलत नाही.
वाटा दिला तर कधी घेतो,
कधी वाळूतच विसरून जातो.

रात्री दिगू भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.
फोनचा उजेड त्याच्या पाठीवर, हिरवा.
झोपला असं मला वाटतं,
आणि पाठीतून आवाज येतो:
"तो बावळट आसा काय अजून?"
"आसा."
किती झाले ते विचारत नाही.
मीही सांगत नाही.
दोन-शून्य.
दोन त्यांचे.